जुना पण भारी स्पीकर-डॉक : पारखून घेण्यापासून घरात बसवण्यापर्यंत

ज्या वस्तूची पिन जुनी झाली, ती वस्तू बाजारात कवडीमोल होते, आणि चांगल्या आवाजाची हौस असलेल्या पण बेताच्या खर्चात भागवू पाहणाऱ्या माणसाला नेमकी तिथेच संधी असते. आयपॉडसारखे खिशातले प्लेयर उभे करून वाजवण्यासाठी बनवलेले महागडे स्पीकर-डॉक आज याच अवस्थेत आहेत. पुण्या-मुंबईला नोकरीनिमित्त गेलेल्या नातेवाइकांनी घर आवरताना जळगाव-धुळ्याकडे पाठवून दिलेले, परदेशातून कोणी आणून कपाटावर ठेवलेले किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात अडॅप्टरविना पडलेले असे डॉक खान्देशातही हाती लागतात. त्यांतला कोणता घ्यावा, कोणता सोडावा आणि घेतलेला आपल्या घरात कसा बसवावा, याची ही कामापुरती पण सविस्तर माहिती.

आधी या वस्तूचा थोडा इतिहास पाहावा लागतो, कारण खरेदीचे निम्मे निर्णय त्यावरच ठरतात. पहिला आयपॉड ऑक्टोबर 2001 मध्ये आला, पण त्याच्या बुडाशी असलेली ती रुंद, तीस पिनांची खाच 2003 साली तिसऱ्या पिढीच्या आयपॉडपासून सुरू झाली. या खाचेचे वैशिष्ट्य असे की तिच्यातून चार्जिंग तर होतेच, शिवाय हेडफोनच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला वळसा घालून प्लेयरमधला स्वच्छ लाइन-आउट आवाज थेट बाहेर काढता येतो. म्हणजे चांगला स्पीकर जोडण्यासाठी लागणारी मूळ सोय प्लेयरमध्येच होती, आणि ती ओळखून कंपन्यांनी डॉक बनवायला घेतले. बोसचा साउंडडॉक 2004 मध्ये आला, खुद्द अ‍ॅपलने फेब्रुवारी 2006 मध्ये 349 डॉलरला आयपॉड हाय-फाय काढला आणि दीड वर्षात बंदही केला, आणि 2007 मध्ये बॉवर्स अँड विल्किन्सने 640 मिलिमीटर रुंदीचा, झेपेलिन नावाच्या जुन्या हवाई नौकेसारखा लांबट झेपेलिन 599 डॉलरला बाजारात आणला. पुढे सप्टेंबर 2012 मध्ये आयफोन 5 बरोबर लाइटनिंगची अरुंद पिन आली आणि तीस पिनांच्या सगळ्या डॉकांची खाच एका दिवसात मागे पडली. तीस पिनांचा आयपॉड क्लासिक 2014 पर्यंत विकला जात होता, शेवटचा आयपॉड टच मे 2022 मध्ये बंद झाला आणि 2023 च्या आयफोन 15 पासून तर लाइटनिंगचीही जागा यूएसबी-सीने घेतली.

या सगळ्यात जुनी झाली ती खाच. आतला अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचे कोन, पेटीची बांधणी आणि त्या पेटीसाठी इंजिनिअरांनी बसवलेला आवाजाचा तोल यांचे काही बिघडलेले नाही. म्हणून डॉक विकत घेताना वर खाच कोणती आहे हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न हा की, मागे काय आहे?

मागची बाजू आधी

दुकानदाराने डॉक पुढे ठेवला की तो उलटा फिरवून घ्यावा. मागे किंवा बुडाला ३.५ मिलिमीटरचे ऑक्झिलरी इनपुट, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘ऑक्स’ म्हणतो ते भोक, असेल तर अर्धी लढाई जिंकली. कोणताही फोन, लॅपटॉप, टीव्ही किंवा ब्लूटूथ रिसीव्हर त्यात जोडता येतो. ते सगळ्यांना असते असे मात्र नाही. बोसच्या पहिल्या साउंडडॉकला ऑक्स नव्हते, ते दुसऱ्या आवृत्तीत आले. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असल्याने घाईत फसगत होते. ऑक्स नसलेला डॉक अगदीच टाकाऊ नसतो, पण त्याची किंमत त्या मानाने उतरवून घ्यावी, कारण त्यासाठी तीस पिनांच्या खाचेत बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर वेगळा घ्यावा लागेल.

त्यानंतर व्होल्टेजची पट्टी वाचावी. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेत 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. जपानमध्ये 100 व्होल्ट. पट्टीवर 100–240 व्होल्ट असे छापले असेल तर नुसती पिन बदलून भागते. फक्त 120 व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो डॉकच्या पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या निदान दुपटीचा असावा. फोन चार्जरच्या आकाराचे हलके कन्व्हर्टर या कामाचे नाहीत. परदेशातून आलेला डॉक बॉक्समधून काढून थेट बोर्डात घातला की आतला फ्यूज उडतो तो बरा, बहुतेक वेळा पॉवर सप्लायच जातो.

अडॅप्टर बाहेरचा असेल तर तो मूळचाच हवा. काही डॉकांचे अडॅप्टर एकाच वायरीतून अधिक आणि उणे असे दोन व्होल्टेज देतात, त्यांची पिनही निराळी असते, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळणारा बारा किंवा अठरा व्होल्टचा साधा अडॅप्टर तिथे चालत नाही. ‘अडॅप्टर कुठेही मिळून जाईल भाऊ’ असे विकणारा म्हणाला, तर तो त्यानेच मिळवून द्यावा आणि मगच व्यवहार करावा.

खाचेत चार्जिंग होते की नाही यावर फार वेळ घालवू नये. सुरुवातीचे डॉक फायरवायरच्या 12 व्होल्टच्या पिनांवरून चार्ज करत. 2008 पासूनच्या बहुतेक आयपॉड-आयफोनांनी ती पद्धत सोडली आणि फक्त यूएसबीचे 5 व्होल्ट घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या डॉकवर नंतरचा प्लेयर वाजतो पण चार्ज होत नाही. हा बिघाड नव्हे, आणि दुरुस्त करण्याच्या फंदातही पडू नये.

कान लावून पारख

डॉक चालू करण्याआधी पुढची जाळी निघत असेल तर काढावी. मोठ्या कोनाभोवतीची कडा रबराची आहे की फोमची, ते नखाने अगदी हलके दाबून पाहावे. फोमची कडा दहा-पंधरा वर्षांत वाळून भुगा होते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकरच होते; रबराची कडा बहुधा टिकलेली असते. मग चार बोटे कोनाच्या भोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन अगदी थोडा, एकसारखा आत ढकलावा. तो मुकाट आत जाऊन परत आला पाहिजे. बोटांना खरखर जाणवली तर आतली कॉइल चुंबकाला घासते आहे, आणि असा डॉक फुकट मिळाला तरी विचार करावा. ट्वीटरला, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, मात्र बोट लावू नये. त्याचा घुमट एकदा चेपला की चेपला.

पाठीमागे किंवा खाली हवा जाण्यासाठी भोक असेल तर त्यात टॉर्च मारून पाहावे. कपाटावर पडून राहिलेल्या डॉकच्या या नळीत कोळ्याची जाळी आणि झुरळांची वस्ती हमखास सापडते, आणि खोल खर्जावर येणारी फडफड पुष्कळदा एवढ्यावरच असते.

आता चालू करावा, पण गाणे लावू नये. आवाज मध्यावर ठेवून कान ट्वीटरपाशी न्यावा. बारीक ‘सूं’ ऐकू आले तर ते चालते. जाड, सलग ‘हूं’ येत असेल तर ऑक्सची वायर काढून पुन्हा ऐकावे. तरीही तो येतच राहिला तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकले आहेत असे समजावे. वायर काढताच गेला तर दोष जोडलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरचा असतो, डॉकचा नाही.

मग फोनवर टोन जनरेटरचे एखादे मोफत अ‍ॅप घेऊन 200 हर्ट्झपासून सावकाश 40 हर्ट्झपर्यंत खाली यावे. हे काम नीट, शांतपणे करावे. कुठल्या तरी एका आकड्यावर पेटीतला एखादा सैल स्क्रू, जाळीची कडा किंवा समोरच्या टेबलावरची काच खणखणू लागते. ती डॉकमध्ये आहे की खोलीत, हे हाताने दाबून ठरवता येते. साधारण 60 हर्ट्झच्या खाली बहुतेक डॉक पातळ पडतात. त्यात खोट काही नाही, एवढ्या आकाराच्या पेटीची ती मर्यादाच आहे. त्याउलट 80 ते 120 हर्ट्झच्या मध्येच एकदम घुमारा वाढत असेल, तर तो डॉक पहिल्या पाच मिनिटांत ‘काय बास आहे!’ म्हणायला लावेल आणि महिनाभरात नकोसा होईल.

गाणी निवडताना लग्नातल्या डीजेसाठी तयार केलेली अहिराणी गाणी पारखीला घेऊ नयेत. ती ऐकायला मजेची असली तरी त्यांचा आवाज मुळातच दाबून सपाट केलेला असतो. चाळीस हजारांचा डॉक आणि चार हजारांचा डबा त्यांवर जवळपास सारखाच वाजतो. त्याऐवजी खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बायकांनी एकत्र म्हटलेल्या गाण्याचे कोणी नीट केलेले ध्वनिमुद्रण मिळाले तर ते घ्यावे. आठ-दहा बायकांच्या आवाजांतून पुढे म्हणणारीचा आवाज वेगळा काढता येतो का, की सगळ्यांचा मिळून एक गोंगाट होतो, यावर मधल्या पट्टीची कसोटी लागते. भजनातल्या टाळांवर ट्वीटर कळतो: टाळ वाजल्यावर त्याचा झंकार विरत गेलेला ऐकू यावा, नुसता ‘चस्’ येऊ नये. आणि खर्जासाठी सातपुड्यातल्या होळीचा मोठा ढोल उत्तम. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या होळीत वाजणाऱ्या ढोलांचे साधे पण मोकळ्या जागेत घेतलेले मुद्रण असेल, तर थाप कुठे पडली आणि कातडे किती वेळ घुमले, हे दोन वेगळे ऐकू येते की नाही ते पाहावे.

एवढे झाल्यावरही लगेच पैसे देऊ नयेत. मध्यम आवाजावर अर्धा तास डॉक वाजू द्यावा आणि मागच्या बाजूला तळहात ठेवून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा गरम झाल्यावर आवाज मधूनच तुटत असेल तर सोडून द्यावा. थकलेला कपॅसिटर आणि कच्चे सोल्डर थंड असताना पहिली पाच मिनिटे बिनबोभाट चालतात, म्हणून घाईचा ग्राहक विकणाऱ्याला फार आवडतो.

गाणे आत कसे पोहोचवावे

जुना आयपॉड क्लासिक घरात असेल तर दुसरे काही शोधूच नये. खाचेत उभा करावा, लाइन-आउट आपोआप मिळतो, आणि गाण्यांचा साठा इंटरनेटवर अवलंबून नसतो, ही सोय आपल्या गावांकडे लहान नाही. गाणी शक्यतो सीडीच्या दर्जाची ठेवावीत. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिट असतो, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे 53 एमबी लागतात. एएलएसी या पद्धतीने काहीही न गमावता ते साधारण निम्म्यापर्यंत येते. आयपॉडला एफएलएसी वाजवता येत नाही, त्यामुळे एफएलएसी फाइली संगणकावर एएलएसीत बदलून घ्याव्या लागतात. दोन्ही पद्धती काही न गमावणाऱ्या असल्याने या बदलात आवाजाचे नुकसान होत नाही.

फोन वापरायचा असेल आणि डॉकला ऑक्स असेल, तर वायर हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ज्या फोनला हेडफोनचे भोक नाही त्याला यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा रूपांतरक, लावावा. फोनचा आवाज पूर्ण किंवा पूर्णाच्या जरा खाली ठेवावा आणि कमी-जास्त करण्याचे काम डॉकच्या बटणावर सोपवावे. उलटे केले तर अशक्त सिग्नल डॉकमध्ये वाढवला जातो आणि त्याच्याबरोबर खरखरही वाढते. फोनमधला इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ बंदच असावेत, कारण डॉकचा तोल आधीच त्याच्या पेटीप्रमाणे बसवलेला असतो.

लाइटनिंगच्या आयफोनसाठी अ‍ॅपलने काढलेला तीस पिनांचा रूपांतरक मिळाला तर तोही चालतो. त्याच्या आतच डॅक असल्याने डॉकला हवा तसा अ‍ॅनालॉग आवाज मिळतो. फक्त त्यावर उभा केलेला फोन उंच आणि डुगडुगता होतो, म्हणून मागून आधार द्यावा, नाहीतर सगळा भार खाचेच्या पिनांवर येतो.

ब्लूटूथ रिसीव्हर सोयीचा आहे, आणि रोजच्या ऐकण्यात तो कमी पडतो असे म्हणणे म्हणजे उगाच सोवळेपणा. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याच्या साध्या एसबीसी पद्धतीतही सेकंदाला सुमारे 328 किलोबिटपर्यंत आवाज जातो. आयफोन असेल तर एएसी, अँड्रॉइड असेल तर एपीटीएक्स किंवा एलडॅक समजणारा रिसीव्हर पाहावा, पण ती पद्धत फोन आणि रिसीव्हर दोघांनाही यावी लागते. तीस पिनांच्या खाचेत बसणारा रिसीव्हर घेताना तो त्याच डॉकवर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण काही डॉक समोर खरा आयपॉड आहे का याची खात्री करून मगच आवाज चालू करतात. वायफायवरून चालणाऱ्या डॉकांची जुनी अ‍ॅप बंद पडलेली असू शकतात. असा डॉक फक्त त्याच्या ऑक्सच्या भरवशावर घ्यावा.

जागा

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. जो फरक पैसे देऊन मिळत नाही, तो इथे फुकट मिळतो.

पहिली गोष्ट, कोनाडा टाळावा. धाब्याच्या जुन्या घरात भिंती दीड-दोन हात जाड असतात आणि त्यांतला मोठा कोनाडा डॉकच्या मापाचाच दिसतो, त्यामुळे मोह होतो. पण तिन्ही बाजूंनी कोंडलेल्या डॉकचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. भिंतीजवळ खर्ज वाढतो, दोन भिंतींच्या कोपऱ्यात तो आणखी फुगतो. म्हणून सुरुवातीला डॉक मागच्या भिंतीपासून हातभर पुढे आणि कोपऱ्यापासून दूर ठेवावा. ओळखीच्या पुरुषाच्या आवाजातले बोलणे किंवा गाणे लावावे, आणि डॉक चार-चार बोटे मागे सरकवत जावे. एका जागी आवाजात छाती भरते, त्याच्या मागे सरकवले की शब्द घुसमटू लागतात. तिथून चार बोटे पुढे, ती आपली जागा. हे काम दोघांनी करावे. एकाने सरकवावे आणि दुसऱ्याने रोजच्या बसण्याच्या जागेवरून डोळे मिटून सांगावे.

उंचीचा विचार आपल्या बैठकीप्रमाणे करावा लागतो. ट्वीटर कानाच्या पातळीत असावा, हा नियम सोफ्यावर बसणाऱ्यासाठी जमिनीपासून सुमारे एक मीटर येतो, पण चटईवर किंवा गादीवर बसून ऐकणाऱ्या घरात तो पाऊण मीटरच होतो. टीव्हीच्या शोकेसच्या माथ्यावर, पाच फुटांवर ठेवलेल्या डॉकचे टाळ, तार आणि शब्दांची धार डोक्यावरून निघून जाते आणि खाली नुसता घुमारा उरतो. खाली ठेवणे जमत नसेल तर मागच्या बाजूला रबराचे तुकडे देऊन डॉक किंचित पुढे झुकवावा, मात्र तो घसरणार नाही याची खात्री करून.

बसण्याचे अंतरही मोजून ठरवावे. एका पेटीतून येणाऱ्या स्टिरिओची मर्यादा भूमितीची आहे. झेपेलिनसारख्या रुंद डॉकचे दोन ट्वीटर साठ सेंटिमीटर अंतरावर आहेत असे धरले, तर दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी त्यांचा कोन फक्त सतरा अंशांचा होतो. वेगळे दोन स्पीकर मांडताना आपण तो साठ अंशांचा धरतो. म्हणून डॉककडून डाव्या-उजव्या बाजूंची पसरट मैफल मागू नये. जवळ, दीड-दोन मीटरवर बसावे, म्हणजे आवाजाचा गाभा आणि शब्द नितळ मिळतात. लांब बसून आवाज वाढवला तर खोलीचाच आवाज जास्त ऐकू येतो.

खोलीचाही स्वभाव असतो. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी माळवद असलेली जुनी खोली उंच स्वर बऱ्यापैकी गिळते, त्यामुळे तिथे डॉक मऊ वाजतो. गुळगुळीत फरशी, स्लॅब आणि रंगवलेल्या भिंतींची नवी खोली टाळी वाजवली तर ‘टर्र’ असा उलट आवाज देते. तिथे डॉक आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर सतरंजी टाकावी, खिडकीला जाड पडदा लावावा आणि घड्या केलेल्या गोधड्यांचा ढीग बैठकीच्या मागच्या भिंतीशी रचावा. महागडी फोमची पाटी यापेक्षा फार निराळे काही करत नाही. बारा फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींच्या मध्ये उभा राहतो. भिंतीला टेकून बसले की तो दुप्पट वाटतो आणि खोलीच्या मधोमध गायब होतो. तेव्हा डॉकला दोष देण्याआधी आपली गादी हातभर पुढे ओढून पाहावी. पत्र्याच्या छताची खोली असेल तर खर्जावर पत्रा आणि त्याचे स्क्रू थरथरतात. तिथे आवाज मर्यादेत ठेवणे एवढाच उपाय, आणि पावसात तर ऐकणे सोडूनच द्यावे.

डॉकखाली टेबल डळमळीत किंवा पोकळ नको. पोकळ प्लायवूडचा कप्पा स्वतःच वाजू लागतो. शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे, एवढ्याने बहुतेक थरथर थांबते.

ऊन, कूलर आणि लाइट

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले कपाट संध्याकाळपर्यंत तापलेलेच असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीमागे साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. त्यामुळे डॉक पश्चिमेच्या भिंतीपासून आणि उन्हाच्या तिरिपेपासून दूर असावा, त्यावर विणलेला रुमाल घालून तो सजवू नये, आणि मागची हवेची जागा मोकळी ठेवावी. आमच्याकडचे एक जुने मिस्तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘याले वारा लागू द्या’ एवढेच सांगत, आणि ते पुरेसे असे.

वारा म्हणजे कूलरचा वारा नव्हे. कूलरच्या झोतात ओल आणि पाण्यातले क्षार दोन्ही येतात, आणि खाचेच्या पिना दोन उन्हाळ्यांत हिरव्या पडतात. न वापरलेल्या खाचेवर कापडी टोपी घालावी. पिना काळवंडल्या तर डॉक बोर्डातून काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच प्लग लावावा. जाळीवर बसलेली धूळ, आणि जिनिंगच्या हंगामात कापसाचा तूस, कोरड्या मऊ ब्रशने झटकावा. ओल्या फडक्याने तोच तूस आत रुतून बसतो.

लाइट जाते त्यापेक्षा ती येते तेव्हा जास्त नुकसान होते. वीज परतताना व्होल्टेज उसळते, म्हणून लाइट गेली की डॉकचे बटण बंद करावे आणि पंखे स्थिर फिरू लागल्यावर लावावे. गावात व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल तर छोटा स्टॅबिलायझर घ्यावा. स्पाइक गार्ड उपयोगी आहे, पण वळवाच्या विजा कडाडू लागल्या की त्याच्यावर विसंबू नये. डॉकचा प्लग, आणि टीव्हीला जोडला असेल तर डिशची केबलही, भिंतीतून काढून ठेवावी.